वाचलेले तीस सेकंद

माझी भाची पुण्यातल्या एका कॅफेत कॉफी करते. गेल्या पावसाळ्यात सकाळी सात वाजता तिचा घरी राहिलेला डबा द्यायला गेलो. कॅफे उघडायला अजून अर्धा तास होता आणि बाईसाहेब एकामागून एक कॉफी काढून बेसिनमध्ये ओतत होत्या. माझ्यादेखत चार कप गेले.

"अगं, काय चाललंय हे? मालक बघेल ना."

"त्यानेच सांगितलंय. रात्रभर पाऊस होता मामा, दळण बिघडलंय."

काल ज्या जाडीच्या दळणातून कॉफी सत्तावीस सेकंदांत उतरत होती, तेच दळण आज दमट हवेत छत्तीस सेकंद घेत होतं. तिने ग्राइंडरची कडी रेघभर फिरवली, दळलं, वजन केलं, कॉफी काढली, चमचाभर चाखली, तोंड वाकडं केलं आणि ओतून दिली. पाचव्या कपाला मान हलवली आणि तो माझ्या हातात ठेवला. त्यांच्यात याला ‘डायल-इन’ म्हणतात. रोज सकाळी करायचं, आणि हवा बदलली तर दुपारी पुन्हा.

दोन महिन्यांनी त्या कॅफेत नवीन मशीन आलं. बटण दाबलं की दळण, वजन, दाब, पाणी सगळं तेच बघतं. भाचीला सकाळी अर्धा तास उशिरा यायची मुभा मिळाली. त्यावरून आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बरीच खडाजंगी झाली. मशीन आलं म्हणजे नेमकं काय गेलं? कॉफीची चव, हाताचं कसब, की काउंटरपलीकडचं माणूस? आपण ही तिन्ही दुखणी एकाच पुडीत बांधतो आणि मग ‘यंत्रयुग आलं’ म्हणून उसासा टाकतो. पुडी सोडून बघितली तर तिन्हींचं औषध वेगळं निघतं.

आधी चवीचं बघू. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून जोराने ढकललेलं गरम पाणी. साधारण माप असं: १८ ग्रॅम पूड, ९० ते ९६ अंशांचं पाणी, ९ बार दाब, २५ ते ३० सेकंद आणि कपात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. ९ बार म्हणजे किती, तर तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या चौपट हवा. एवढ्या जोराने पाणी ढकललं की ते सरळमार्गी राहत नाही. पुडीच्या थरात कुठे जरा सैल जागा सापडली, की तिथूनच निसटतं.

शेतात ज्यांनी दारं धरली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वाफ्यात पाणी सोडलं आणि बांधाला एखादं उंदराचं बीळ निघालं, तर सगळं पाणी तिकडूनच धावतं. तिथली माती वाहून जाते, उरलेला वाफा कोरडा. कॉफीतही तेच होतं. जिथून पाणी धावलं तिथली पूड गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि कडू उतरते. जिथे पाणी पोचलंच नाही तिथली चव चोथ्यातच राहते. म्हणून एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. बरिस्ता, म्हणजे काउंटरवर कॉफी करणारी, पूड सारखी करते, वरून सपाट दाबते, कडेला सांडलेले कण बोटाने पुसते, त्यात नखरा काही नाही. ती बांध लिंपत असते.

आता खरं सांगायचं तर यातलं बरंचसं काम मशीन माणसापेक्षा बरं करतं. पूड रोज शंभर-दोनशे वेळा एकसारख्या जोराने दाबणं हे माणसाच्या मनगटाचं काम नाही. भाचीला सहा महिन्यांत मनगटाला पट्टा बांधावा लागला होता. पूड दाबून देणारी छोटी यंत्रं आता उत्तमोत्तम कॅफेंतही दिसतात आणि त्याबद्दल कुणी गळा काढत नाही. पूर्ण स्वयंचलित मशीन त्याच्या पुढे जातं. पाणी किती वेगाने उतरतंय हे ते मोजतं, वेळ लांबली तर पुढच्या कपाला दळण आपोआप जाडसर करतं आणि चोथा पोटातल्या डब्यात टाकतं. भाचीने पावसाच्या सकाळी चार कप ओतून जे केलं, ते मशीन गिऱ्हाइकांच्या कपांवरच शिकत शिकत करतं.

फक्त ते चाखत नाही. त्याला सेकंद, ग्रॅम आणि अंश कळतात. या बियांना सत्तावीस सेकंद चांगले की तेवीस, हे आधी कुणीतरी चाखून ठरवावं लागतं. म्हणजे कसब नाहीसं होत नाही, काउंटरवरून उठून मुख्यालयात जाऊन बसतं. तिथे एक तरबेज माणूस एकदा कृती ठरवतो आणि ती हजार दुकानांत उतरते. चवीपुरतं बोलायचं तर हा सौदा वाईट म्हणता येत नाही. हाताने केलेली भिकार कॉफी मी आयुष्यात पुष्कळ प्यायलोय.

कसबाची गोष्ट जरा लांबची आहे आणि ती इटलीत घडते. १८८४ साली तुरीन शहरात आंजेलो मोरिओंदो या माणसाने वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी एकेक कप ताबडतोब काढून देणारं मशीन केलं. दोन्ही वाफेवरची, त्यामुळे दाब जेमतेम दीड बार आणि चव करपट. मिलानच्याच आकिले गाज्जा यांनी महायुद्धानंतर बाजारात आणलेल्या मशीनला एक लांब दांडा होता. तो खाली ओढला की आत स्प्रिंग आवळायची आणि सोडल्यावर तीच पाणी रेटायची. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला आणि कॉफीवर तांबूस साय धरायला लागली. लोकांना तो फेस बघून शंका आली, तेव्हा गाज्जांनी त्यालाच ‘क्रेमा’ म्हणून मिरवलं. आज क्रेमा नसेल तर लोक कप परत पाठवतात.

दांडा ओढायला जोर लागायचा, अंदाज लागायचा. दांडा हातातून निसटला तर थेट हनुवटीवर. मग १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई६१ हे मशीन आलं (त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून हे नाव पडलं) आणि दाब द्यायचं काम विजेच्या पंपाने घेतलं. दांडा ओढणाऱ्याचं मनगट त्या दिवसापासून निकामी झालं. आज ई६१ हे चाहत्यांच्या दृष्टीने ‘जुन्या हस्तकौशल्याचं’ देवघर आहे! एक एस्प्रेसो काढली की बरिस्ता अजूनही ‘शॉट पुल केला’ (ओढला) म्हणते, आपण अजूनही ‘नंबर फिरवला’ म्हणतो तसंच. ओढायला दांडा नाही आणि फिरवायला चकती नाही, पण भाषेने दोन्ही ठेवून घेतलं.

म्हणजे प्रत्येक मशीनने हाताचं एक काम काढून घेतलं आणि हात दुसरं काहीतरी शिकला. दांडा गेल्यावर वेळ मिळाला, मग लोक दळणाकडे, पाण्याकडे, बियांच्या गावाकडे बघायला लागले. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक शिंतोडा मारायची युक्ती बरिस्तांमध्ये कैक वर्षं चालत आली होती. पूड स्थिर विजेने ग्राइंडरला चिकटू नये म्हणून. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी ज्वालामुखीच्या अभ्यासकांना सोबत घेऊन याची शहानिशा केली. ज्वालामुखीची राख एकमेकींवर घासून जशी विजेने भारते, तशीच दळताना कॉफीची पूडही भारते. शिंतोड्याने तो भार उतरतो, गुठळ्या कमी होतात आणि कॉफीचा अर्क जास्त उतरतो. काउंटरवरच्या हातांना हे आधी कळलं, प्रयोगशाळेला नंतर. काउंटरवर कुणी हातच घालणार नसेल तर पुढची अशी युक्ती कुठून येणार, ही माझी कसबाबद्दलची एकमेव खरी काळजी. बाकी कसब चिवट असतं.

तिसरं दुखणं माणसाचं. आणि इथे स्टारबक्स या अमेरिकी कॉफी-साखळीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण या कंपनीने हा प्रयोग स्वतःवर दोनदा करून घेतलाय.

१९८३ मध्ये स्टारबक्समध्ये नोकरीला असलेले हॉवर्ड शुल्ट्झ कामाने मिलानला गेले. तिथले बार, गिऱ्हाइकाला नावाने हाक मारणारा कॉफीवाला, काउंटरशी उभ्याने होणाऱ्या गप्पा हे सगळं बघून ते भारावले आणि पुढे स्टारबक्स हातात आल्यावर तेच अमेरिकेत विकलं. दुकानं वाढली, रांगा वाढल्या आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडची स्वयंचलित मशीनं आली. वेग आला. फेब्रुवारी २००७ मध्ये शुल्ट्झ यांनी वरिष्ठांना लिहिलेलं एक पत्र बाहेर फुटलं. त्यात त्यांनी म्हटलं होतं की या मशीनांनी वेगाचा प्रश्न सोडवला पण दुकानातलं नाट्य आणि रोमान्स घालवला. शिवाय ती इतकी उंच की गिऱ्हाइकाला बरिस्ता दिसतच नाही. पाकिटबंद बियांमुळे दुकानातला कॉफीचा वासही गेला, हीसुद्धा तक्रार त्यात होती.

पुढच्या वर्षी ते पुन्हा प्रमुख झाले. २६ फेब्रुवारी २००८ ला संध्याकाळी अमेरिकेतली सुमारे ७,१०० दुकानं तीन-साडेतीन तास बंद ठेवून सगळ्यांना एस्प्रेसो पुन्हा शिकवली. नवीन मशीनं मागवली. तीही स्वयंचलितच, पण ठेंगणी. आता बरिस्ता दिसायला लागली. मला यात गंमत वाटते ती ही की काउंटरवरचा सगळा जिव्हाळा गेला का, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी काही इंचांत शोधलं.

कारण बरिस्ता दिसली तरी तिला मान वर करायला वेळ कुठे होता? भाचीचा हिशोब साधा आहे. हाताने करताना दळणं, मोजणं, दाबणं, पुसणं यात कपामागे तीस-एक सेकंद जायचे. मशीनने ते वाचवले. ते वाचलेले सेकंद कुणाच्या खात्यात जमा झाले, एवढंच बघायचं. बरिस्ताच्या खात्यात गेले तर ती गिऱ्हाइकाला ‘आईचं ऑपरेशन कसं झालं’ म्हणून विचारेल. मालकाच्या खात्यात गेले तर तीन माणसांच्या जागी दोन उभी राहतील. रांगेच्या खात्यात गेले तर तेवढ्याच वेळात दीडपट कप निघतील.

स्टारबक्समध्ये २०१५ पासून मोबाइलवरून आधीच ऑर्डर द्यायची सोय अमेरिकाभर झाली. लोक येतात, स्टिकर लावलेला कप उचलतात आणि जातात. रांगेत उभी असलेली माणसं दिसतात तरी. फोनमधली रांग दिसत नाही, आणि तिला ‘जरा थांबा हं’ असं हसून सांगताही येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात ब्रायन निकोल प्रमुख झाले. २०२५ च्या वसंतात त्यांनी गुंतवणूकदारांपुढे कबूल केलं की गेल्या काही वर्षांत यंत्रं भरपाई करतील या आशेने दुकानांतली माणसं कमी केली आणि तो अंदाज चुकला. माणसं परत वाढवायला सुरुवात झाली. कपावर मार्करने हाताने काहीतरी लिहायची पद्धत परत आली, तीही फर्मान काढून. जिव्हाळ्याचा असा वटहुकूम निघतो तेव्हा मला शाळेतल्या ‘सर्वांनी हसा’ म्हणणाऱ्या फोटोग्राफरची आठवण होते.

मग कुणी म्हणेल, लोकांना खरंच पडलेली आहे का? कॉफी हवी, गप्पा नकोत. यावर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी केलेला एक छोटा प्रयोग आहे. स्टारबक्समध्ये कॉफी घ्यायला निघालेल्या लोकांपैकी अर्ध्यांना सांगितलं, पटकन काम उरका. अर्ध्यांना सांगितलं, बरिस्ताकडे बघून हसा, दोन शब्द बोला. बाहेर आल्यावर दुसऱ्या गटातली माणसं जास्त खुशीत होती, आणि आपण इथलेच आहोत असंही त्यांना जास्त वाटत होतं. ओळख नाही, देणंघेणं नाही, नुसते दोन शब्द. टपरीवर ‘नेहमीचा ना साहेब?’ एवढं ऐकून ज्याची सकाळ सुधारली आहे त्याला या प्रयोगाची गरज नाही, पण ज्याच्या हातात पगारपत्रक आहे त्याला दाखवायला बरा आहे.

उलटं उदाहरणही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चीनमध्ये २०१७ साली निघालेल्या लकिन कॉफीने जिव्हाळ्याचा आवच आणला नाही. छोटी दुकानं, स्वयंचलित मशीनं, ऑर्डर फक्त अ‍ॅपवर, कप घ्या आणि निघा. २०२० मध्ये विक्रीचे आकडे फुगवल्याचं प्रकरण अंगाशी येऊनही कंपनी तगली आणि जून २०२३ मध्ये तिची दहा हजार दुकानं झाली. चीनमध्ये तिने स्टारबक्सला मागे टाकलं. ऑफिसला धावणाऱ्या माणसाला स्वस्त आणि ठीकठाक कॉफी हवी होती, ती मिळाली. मिलानची आठवण विकायला काढून नंतर काटछाट केली की गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटतं. लकिनने असलं काही कबूलच केलं नव्हतं.

रोबोंचं मात्र म्हणावं तसं जमलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत कॅफे एक्स नावाच्या दुकानांत काचेच्या पेटीत एक यांत्रिक हात कप उचलून मशीनखाली धरायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघून हलायचाही. लोक व्हिडिओ काढायला जमायचे. २०२० च्या सुरुवातीला कंपनीने शहरातली तिन्ही दुकानं बंद केली आणि विमानतळांवर लक्ष दिलं. यात नवल नाही. हात कॉफी करतच नव्हता, कॉफी आतलं स्वयंचलित मशीन करत होतं. हात फक्त कप हलवत होता, आणि कप हलवणं हे कॉफीच्या धंद्यातलं सगळ्यांत सोपं काम. टोकियोतल्या निहोनबाशी भागात जून २०२१ मध्ये सुरू झालेला डॉन नावाचा कॅफे बघितला की माझं डोकं वेगळ्या बाजूने चालायला लागतं. तिथे टेबलाशी येऊन बोलणाऱ्या छोट्या रोबोंच्या पलीकडे खरी माणसं आहेत: अंथरुणाला खिळलेली, घराबाहेर पडू न शकणारी. ती घरून रोबो चालवतात, गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात आणि त्याचा पगार घेतात. तिथे रोबो नसता तर ती माणसं काउंटरपर्यंत पोचलीच नसती.

आपल्याकडे ही सगळी वरात उलट्या क्रमाने आली. आपण मशीनची कॉफी आधी प्यायलो आणि हाताची नंतर. ऑफिसातल्या कोपऱ्यातलं बटणवालं मशीन, त्यातून पडणारं गोडमिट्ट पाणी, आणि तरी तिथेच होणाऱ्या सगळ्या गप्पा. आणि लग्नातली ‘एक्स्प्रेसो’! चकचकीत बंब, त्याची फुस्सकन निघणारी वाफ आणि वर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. तिच्यात एस्प्रेसोचा थेंब नसतो. वाटीत इन्स्टंट कॉफी आणि साखर पांढरी होईस्तोवर फेटायची, त्यावर वाफेने फेसाळलेलं दूध. मशीन फक्त फुत्कारतं, सगळं कसब त्या फेटणाऱ्या माणसाच्या हातात, आणि त्याच्याभोवतीच पोरांची गर्दी. मोठ्या परदेशी साखळ्या तर फार नंतर आल्या. स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान मुंबईच्या हॉर्निमन सर्कलपाशी उघडलं ते १९ ऑक्टोबर २०१२ ला.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये माणूस महाग, तिथे मशीन परवडतं हे समजतं. पुण्यात काही लाखांचं मशीन कशाला? भाचीच्या मालकाने सरळ सांगितलं. मुलगा शिकवायला तीन महिने लागतात, सातव्या महिन्यात तो दुसऱ्या कॅफेत दोन हजार जास्त घेऊन जातो. मशीन सोडून जात नाही. मी त्याला विचारलं नाही की ते दोन हजार आपणच का दिले नाहीत. भाचीची नोकरी होती.

नवीन मशीन आल्यावरचा पहिला आठवडा मात्र झकास गेला, असं ती सांगत होती. बटण दाबायचं आणि कॉफी उतरेपर्यंत समोर बघायचं. रोज दहाला येणारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, दोन वर्षं फक्त ‘कमी साखर’ एवढंच बोलायचे. त्या आठवड्यात कळलं की त्यांनी चिकमगळूरला तरुणपणी कॉफीच्या मळ्यावर हिशोबनीस म्हणून काम केलंय आणि कॉफीच्या फुलांना मोगऱ्यासारखा वास येतो. पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत अख्खा डोंगर पांढरा होतो म्हणे. ती मला हे फोनवर सांगत होती, तेव्हा तिच्या आवाजात मशीनबद्दल कुरकुर नव्हती.

परवा गेलो होतो तेव्हा प्राध्यापक त्यांच्या जागेवर होते. काउंटरवर, ती उभी राहून समोर बघायची नेमक्या त्या जागी, एक टॅबलेट बसवलाय. घरपोच ऑर्डरी त्यावर येतात. मी उभा होतो तेवढ्यात तो चार वेळा वाजला. तिने बटण दाबलं, टॅबलेटवर बोट फिरवलं, झाकण लावलं, पिशवीला स्टेपल मारलं.

"मामा, तुझी देते हं, दोनच मिनिटं," ती म्हणाली. टॅबलेटकडे बघत.